इर्माची गाडी

रोझीने श्टेगमायर कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारणीला नवा कोट आला, कुणाच्या मुलाला श्टुटगार्टमध्ये मोठी नोकरी लागली, कुणाचं घर दुमजली झालं, तिच्या कपाळावर कधी आठी आली नाही. पण धाकट्या बहिणीचं नाव निघालं की तिच्या पोटात निखारा पडायचा. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही आणि चर्चमधल्या पाद्र्यालाही नाही. सगळ्या मायशिंगेन गावाला ते ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी.

दोघी बहिणींचे वडील योनाथान कोप हे गावचे जिनगर. घोड्याचं खोगीर, लगाम, बैलाचा पट्टा, सगळं त्यांच्या हातचं. लढाईत घोडे गेले, लढाईनंतर ट्रॅक्टर आले, आणि कोपांच्या दुकानात चामड्याचा नुसता वास उरला. शेजारच्या सिंडेलफिंगेनच्या कारखान्यात तेव्हा ढिगारे उपसून पुन्हा मोटारी बनायला लागल्या होत्या. तिथे आसनं शिवायला माणसं हवी होती. आसपासच्या गावांतले सगळे जिनगर एकेक करून तिकडे गेले, तसे योनाथानही गेले. म्हणायचे, "काही बदललं नाही. आधी चामडं घोड्याच्या पाठीवर चढवत होतो, आता माणसाच्या पाठीमागे लावतो. घोडा जास्त शहाणा होता, एवढंच."

आई लवकर गेली. तेव्हा रोझीने शाळेत होती आणि इर्मा तर अजून बोबडं बोलत होती. घर रोझीनेच्या गळ्यात पडलं. ती चुलीपाशी बसून वडिलांकडून शिवण शिकली: मेण लावलेला दोरा, दोन सुया, आणि कोपऱ्यावर आल्यावर लगामाला मारतात तसा एक उलटा टाका, म्हणजे ताण आला तरी शिवण उसवत नाही. शिवण चुकली की योनाथान काही न बोलता ती उसवून परत तिच्या मांडीवर टाकायचे. नीट आली तर तेही नाही. आमच्या श्वाबेन मुलुखात म्हणतातच, ओरडलं नाही म्हणजे शाबासकी दिली असं समजावं. रोझीनेने लहानपणापासून असंच समजून घेतलं. शाळा सुटल्यावर ती वडिलांच्याच कारखान्यात शिवणविभागात लागली.

इर्माने सुई कधी हातात धरली नाही. ती दिसायला गोड, जिभेला गोड, आणि वडिलांच्या गळ्यात हात टाकणारी गावातली एकटी पोर. बाकीच्या घरांत बापाच्या गळ्यात कुणी हात टाकत नसे. ती श्टुटगार्टच्या एका मोठ्या दुकानात हातमोजे विकायला लागली, आणि तिथेच एबरहार्ड झायझर तिला भेटला. हा गिलाव्याचं काम करणाऱ्याचा मुलगा. तेव्हा देशभर घरं उठत होती आणि प्रत्येक घराला भिंती होत्या. बघता बघता गिलावावाल्याचा मुलगा बांधकाम कंत्राटदार झाला.

रोझीनेनेही लग्न केलं. गोटलोब श्टेगमायर रेल्वेत सिग्नलवर होता. सज्जन, अबोल, सायकलवरून कामावर जाणारा. वडील एकटे पडतील म्हणून दोघं त्यांच्याच घरात राहिली.

मग तो रविवार आला. चर्च नुकतं सुटलं होतं. गल्लीत लोक कोट सावरत उभे होते, आणि चढावरून एक मोटार आली. दुधासारखी पांढरी, मागे माशासारखे दोन पंख, नाकावर सिंडेलफिंगेनच्या कारखान्याचा तो तारा. आतली आसनं लालभडक चामड्याची. स्टिअरिंगवर एबरहार्ड, शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली इर्मा.

"बाबा!" तिने खिडकीतून हाक मारली. "चला, बसा! तुम्हाला फ्रॉयडेनश्टाटला केक खायला नेतेय!"

योनाथान मोटारीपाशी गेले. त्या कारखान्यात इतकी वर्षं त्यांनी अशा मोटारींची आसनं शिवली होती, पण तयार मोटारीत बसले नव्हते. एबरहार्डने मागचं दार उघडलं. म्हाताऱ्याने एकदा आत पाहिलं, मग वाकून बूट काढले आणि हातात घेऊन, मोज्यांनिशी आत पाय ठेवला. लोक हसले. ते बसले, आसनावर हात ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

रोझीने कुंपणाशी उभी होती. आई गेली तेव्हासुद्धा वडिलांचे डोळे तिने ओले पाहिले नव्हते.

"ही आमच्या विभागातली शिवण आहे," काहीतरी बोलायचं म्हणून ती एबरहार्डला म्हणाली.

"मग धड शिवली असशील, एवढीच आशा आहे, मेव्हणीबाई!" तो हसला. "उसवलं तर तुलाच बोलावीन."

"तूही ये ना गं, रोझीने," इर्मा म्हणाली. "जागा आहे."

"मी आले तर भांडी कोण घासणार?"

खरं तर भांडी दोनच होती. पण "ये ना"च्या आधी इर्माने किंचित थांबा घेतला होता, आणि तो थांबा रोझीनेला ऐकू आला होता. निदान तिला तसं वाटलं. मोटार गेली आणि ती घरात जाऊन धुतलेल्याच बश्या पुन्हा धुवायला लागली.

पुढे दर रविवारी हेच. आठवडाभर म्हाताऱ्याची अंथरुणं रोझीनेने बदलायची, त्यांना मसुराची आमटी आणि श्पेट्झलेच्या शेवया करून घालायच्या, पायाला मलम चोळायचं, आणि रविवारी इर्माने चाकं फिरवत यायचं. सोमवारी संध्याकाळी योनाथान बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "इर्माची गाडी चढाला अशी जाते, जशी लोण्यातून सुरी. इर्माच्या गाडीत चहाचा कप धरला तरी सांडत नाही."

"धरला होतात का कप?" रोझीने आतून विचारायची.

"धरला नव्हता. पण धरला तरी सांडत नाही."

कुंपणापलीकडची एपलरबाई एकदा म्हणाली, "काय गं, तू एवढी त्या मोटारींच्या आतबाहेर करतेस, आणि बसते मात्र तुझी बहीण." ती सहज म्हणाली असेल. रोझीनेला ते पुढे कित्येक महिने पुरलं.

त्याच सुमारास कारखान्यात कसलासा समारंभ झाला. एका जुन्या मुकादमाने भाषणात कंपनीचा सगळा इतिहास सांगितला. बायका जांभया देत होत्या, रोझीने मात्र कान टवकारून ऐकत होती. मोटारीचं नाव म्हणजे कुणा मुलीचं नाव, हे तिला माहीत होतं. पण तो मुकादम म्हणाला की त्या मुलीचा बाप मोटारींचा मोठा व्यापारी होता आणि त्याला लेक इतकी लाडकी होती, की त्याने गाडीला तिचंच नाव द्यायला लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोझीनेच्या मनात आलं, एका बापाने पोरीचं नाव साऱ्या जगाच्या नाकावर लावलं, आणि आमच्या बापाच्या तोंडी माझं नाव येतं ते फक्त पायमोजे सापडत नाहीत तेव्हा. त्या मुलीला एखादी थोरली बहीण होती का, असं मुकादमाला विचारावंसं तिला वाटलं. विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तिने गोटलोबसमोर बटाट्याचं सॅलड ठेवलं आणि सरळ सांगितलं, "मला मोटार घ्यायचीय. याच कंपनीची. आम्हा कामगारांना सवलत मिळते. नाव नोंदवून थांबायचं फक्त."

गोटलोबने काटा खाली ठेवला. "गाडी म्हणजे रुळांवरून जाते ती. बाकी सगळी डबडी. आणि मला पास फुकट आहे."

"तुझ्या पासावर बाबांना केक खायला नेता येतं?"

"चालवणार कोण?"

"मी."

"तू? बाईमाणूस?"

"अरे, जगात सगळ्यात पहिल्यांदा लांब मोटार नेली ती बाईनेच!" मुकादमाच्या भाषणातलं तिला आता तोंडपाठ होतं. "ती बेन्ट्सबाई. नवरा मोटार बनवून घरात बसला होता, घाबरत होता. ही पहाटे उठली, दोन पोरांना घेतलं आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. नवऱ्याला न विचारता! नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली, तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. ती गेली नसती तर आज एकही मोटार नसती, आणि मला पगार नसता, आणि हे सॅलड नसतं."

गोटलोबने बराच वेळ सॅलडकडे पाहिलं. "ती माहेरी गेली," तो म्हणाला. "तू तर माहेरीच राहतेस." आणि जेवायला लागला. पण नाही म्हणाला नाही, आणि आमच्याकडे एवढं पुष्कळ.

गाडी चालवायला शिकताना तिचे हाल झाले. शिकवणारा मेगलेमास्तर प्रत्येक चढावर कपाळाला हात लावायचा. पहिल्या परीक्षेत चढावर गाडी मागे घसरली आणि दुधाच्या कॅनांना लागली. दुसऱ्या खेपेला ती इतकी हळू गेली, की परीक्षकाने विचारलं, "बाई, आपण प्रेतयात्रेत आहोत का?" घरी येऊन ती शिवणाच्या पेटीवर डोकं ठेवून रडली. पण पुढच्या रविवारी पांढरी गाडी दारात आली, वडील बूट हातात घेऊन आत बसले, आणि सोमवारी ती पुन्हा मेगलेमास्तरांच्या दारात उभी. मत्सर माणसाला खातो म्हणतात. खातो खरा, पण तो माणसाला चढावर गाडी थांबवायलाही शिकवतो. तिसऱ्या वेळी ती पास झाली.

नाव नोंदवून वाट बघण्यात वर्षं गेली. शेवटी एका वसंतात तिची गाडी आली. गर्द हिरवी, डिझेलवर चालणारी, पंख वगैरे नसलेली, चौकोनी आणि गंभीर, थेट चर्चच्या वडीलधाऱ्यासारखी. सुरू करायच्या आधी बटण ओढून आतली तार लाल व्हायची वाट पाहावी लागे. कारखान्यात पुरुष म्हणत, हे इंजीन शोधून काढणाऱ्या डिझेलसाहेबाच्या आत्म्यासाठी मिनिटभर उभं राहा, मग तो पावतो. आवाज ट्रॅक्टरसारखा. पण नाकावर तारा तोच होता, आणि काचेतून तारा पुढे धरून गावात शिरताना रोझीनेला वाटलं की आपली उंची वीतभर वाढलीय. एपलरबाई खिडकीत होती. रोझीनेने मुद्दाम गल्लीला एक चक्कर जास्त मारली.

मात्र आधीच्या हिवाळ्यात योनाथानना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. हात वळत होता, पाय चालत होता, पण डोक्यात धुकं दाटलं होतं. कधी निवळायचं, कधी गच्च व्हायचं.

"बाबा, चला. गाडी आलीय."

ते लगेच उठले. दारात वाकून बूट काढले. रोझीनेने त्यांना पुढे, स्वतःच्या शेजारी बसवलं. गावाबाहेर चेरीची झाडं फुलली होती. तिने गाडी इतकी जपून चालवली, की खरंच कप धरला असता तर सांडला नसता. म्हातारा खूश होऊन बाहेर बघत होता. मग तिच्याकडे वळून म्हणाला,

"छान चालवतेस हं तू, इर्मा."

रोझीनेने गाडी कडेला घेतली. इंजीन थडथडत राहिलं.

"मी रोझीने आहे, बाबा."

त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं, जसं कुणी वेड्या पोरीकडे पाहावं. "रोझीने घरी आहे," ते म्हणाले. "भांडी घासतेय. ती येत नाही कधी."

तिने गाडी वळवली आणि घरी आणली.

त्या दिवसानंतर तिच्या मनात जे शिरलं, ते आधीच्या जळण्यासारखं नव्हतं. ते थंड होतं. शनिवारी गावातल्या सगळ्यांसारखी तीही दारात बादली घेऊन गाडी धुवायची, चाकांच्या खाचांतला चिखल काडीने काढायची, आणि विचार करायची. मग तिने रविवारी इर्माला दारातच अडवायला सुरुवात केली.

"आज नको. बाबांना बरं नाहीये."

"काय झालं?"

"काय होणार, म्हातारपण. झोपलेत."

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. शनिवारी ती त्यांना स्वतःच्या गाडीतून इतकं फिरवायची, की रविवारी म्हातारा खरोखरच पेंगत असे. म्हणजे खोटंही फार बोलावं लागत नसे. एबरहार्ड गाडीतून उतरायचाही नाही, नुसता भोंगा वाजवायचा. मग तो येईनासा झाला. रोझीनेला वाटलं, सुटले.

एका बुधवारी कारखान्यातून घरी येऊन ती अंगण झाडत होती. इर्मा बसमधून उतरली. एकटी, पायी, टाचांचे बूट चिखलात रुतवत आली. अंगणात बाकावर योनाथान मजेत सफरचंदं सोलत बसले होते.

"हे तुझे आजारी?" इर्मा म्हणाली.

रोझीने झाडू धरून उभी राहिली.

"इतके महिने तू मला दारातून परत पाठवलंस. का गं? मी काय खाल्लं तुझं?"

"काय खाल्लंस?" रोझीनेचा आवाज चढला. "मी त्यांची अंथरुणं धुतली. मी त्यांचे पाय चोळले. आणि त्यांच्या तोंडी काय? इर्माची गाडी, इर्माची गाडी! माझ्या गाडीत बसून मला इर्मा म्हणतात! तुला सगळं फुकट मिळालं. रूप फुकट, बाप फुकट, गाडी फुकट!"

"गाडी?" इर्मा हसली, आणि ते हसणं ऐकून म्हातारासुद्धा वर बघायला लागला. "माझ्या हातात किल्ली पाहिलीस का तू कधी? एकदा तरी? एबरहार्ड मला रेडिओचं बटणसुद्धा फिरवू देत नाही. मी का आले बसने, विचार ना! रविवारी बाबांना फिरायला न्यायचं म्हणून आठवडाभर मी त्याच्या हातापाया पडायची. आता तेही नाही, तर रविवारी तो त्याच्या मित्रांना घेऊन जातो. आणि तुला काय माहीत त्या गाडीत काय होतं ते!"

"काय होतं?"

इर्माने टाचेचा चिखल बाकाच्या पायाला पुसला. सांगावं की नाही असा विचार करत असावी. मग सांगितलं, पण रागाने, ओकून टाकावं तसं. "बाबा मागे बसतात. बसले की हात आसनाच्या कडेवर. शिवणीवरून बोट फिरवत राहतात, जाऊन येईपर्यंत. फ्रॉयडेनश्टाट येवो, नाहीतर स्वर्ग येवो. आणि म्हणतात, 'हे आमच्या रोझीनेचं.' दर रविवारी! पहिल्या दिवसापासून! मी केक खाऊ घालते, मी शाल पांघरते, आणि ते तुझ्या शिवणीला कुरवाळत बसतात. माझ्याच गाडीत! आणि तू म्हणतेस मला बाप फुकट मिळाला."

योनाथाननी सोललेलं सफरचंद पुढे केलं. कुणी घेतलं नाही, तेव्हा स्वतः खाल्लं.

इर्मा पुढच्या बसने गेली. रोझीनेने त्या संध्याकाळी वडिलांना हिरव्या गाडीत बसवलं, गाडी अंगणातच उभी ठेवून. "बाबा, हात लावा बरं इथे. या कडेला. कुणाची शिवण आहे?"

म्हाताऱ्याने बोट फिरवलं. तेव्हा आसनं रेक्झीनची यायला लागली होती आणि यंत्रंही नवी आली होती. रोझीनेला तर शिवणीवरून काढून नव्या मुलींना शिकवायला घातलं होतं. त्यांचं बोट कोपऱ्यावर आलं, थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं.

"कुणाची काय माहीत," ते म्हणाले. "दुसऱ्याच कुणाची आहे. कोपऱ्यावर नुसती वळवलीय."

आता सांगा, इतकी वर्षं जळून, नाव नोंदवून, मेगलेमास्तरांची बोलणी खाऊन जी गाडी आणली, तिच्यात वडिलांच्या लेखी रोझीने नव्हतीच. ती होती बहिणीच्या गाडीत. तिला आता पुन्हा इर्माच्याच गाडीचा हेवा वाटायला लागला, आणि या वेळी तर गंमत अशी, की त्या गाडीत जे होतं ते तिचं स्वतःचं होतं.

पुढच्या आठवड्यात तिने पोस्टातून इर्माला फोन लावला. "रविवारी घेऊन या गाडी. बाबांना बरं वाटतंय." मग घसा खाकरून म्हणाली, "आणि मीही येईन."

एबरहार्डला इर्माने कसं वळवलं देव जाणे, पण गाडी आली. पांढरा रंग थोडा पिवळटला होता, मागच्या पंखाला एक ओरखडा होता. रोझीने पहिल्यांदा आत बसली, मागे, वडिलांच्या शेजारी. वडिलांचे बूट तिने स्वतःच्या मांडीवर घेतले. गाव मागे पडलं, रानातला रस्ता सुरू झाला, आणि म्हाताऱ्याचा हात आसनाच्या कडेवर गेला.

ती वाट बघत राहिली. बोलतील की नाही? आज धुकं दाट होतं.

"ही बघा," योनाथान तिला म्हणाले. तिला ते ओळखत नव्हते. कुणी परकी, बरीशी बाई शेजारी बसलीय असं त्यांना वाटत असावं. "इथे हात लावा. कोपऱ्यावर उलटा टाका. ही आमच्या रोझीनेची शिवण. माझी थोरली. चामडं फाटेल एक वेळ, पण ही नाही सुटायची. मीसुद्धा इतकी नेटकी शिवली नाही कधी."

रोझीनेने बोट लावलं. टाका तिचाच होता.

"तिला सांगितलंत का कधी?" तिने विचारलं.

"काय?"

"की चांगली शिवते म्हणून."

म्हातारा गोंधळून तिच्याकडे बघायला लागला. "कशाला? तिला ठाऊक आहे. मी कधी ओरडलो का तिला?"

पुढच्या आसनावर इर्मा खिडकीबाहेर बघत होती. तिची मान हळूहळू लाल होत गेली, कानांपर्यंत. रोझीनेने ती लाली पाहिली, आणि खरं सांगायचं तर वडिलांच्या शब्दांनी झाला त्याहून मोठा आनंद तिला त्या लालीने झाला. हे तिचं तिलाच कळलं आणि ती खिडकीकडे वळली. फ्रॉयडेनश्टाटला तिने केकचे दोन तुकडे खाल्ले. इर्माने एकही खाल्ला नाही.

योनाथान त्या वर्षीच्या थंडीत गेले, दुपारी बाकावर बसल्या बसल्या. प्रेताला खांदा द्यायला कारखान्यातले उरलेसुरले जिनगर आले होते. दोघी बहिणी कबरीपाशी शेजारी उभ्या राहिल्या, पण हात कुणी कुणाचा धरला नाही.

उन्हाळा यायच्या आत एबरहार्डने पांढरी गाडी विकून नवी घेतली. ती कुणाला विकली हे रोझीनेला विचारायचं होतं, पण ज्याने "उसवलं तर बोलावीन" म्हटलं होतं त्याला कोण विचारणार? बरीच वर्षं तिला एक सवय होती: कुठेही पांढरी, पंखांची गाडी उभी दिसली की जवळ जायचं आणि कपाळ काचेला टेकवून आतला रंग बघायचा. एकदा श्टुटगार्टमध्ये पोलिसाने तिला हटकलंसुद्धा.

"बाई, काय हवंय?"

"काही नाही. शिवण बघतेय," ती म्हणाली.

पुढे इर्माचं आणि एबरहार्डचं फाटलं. सगळ्या गावाने "आम्ही म्हणतच होतो" म्हटलं, जरी आधी कुणीच काही म्हणालं नव्हतं. इर्मा एका बॅगेनिशी निघाली, बोब्लिंगेनमध्ये दोन खोल्या घेतल्या, आणि पुन्हा हातमोजे विकायला लागली. तेव्हा ती एकदा रोझीनेकडे आली. कॉफी झाली, वेणीसारखा गुंफलेला गोड पाव कापून झाला, आणि मग म्हणाली, "रोझीने, मला गाडी शिकव ना. तुझ्या गाडीवर."

रोझीने रिकाम्या कपात चमचा फिरवत राहिली. आयुष्यात एकच गोष्ट अशी होती, जी तिला येत होती आणि इर्माला येत नव्हती.

"डिझेल आहे ती," ती शेवटी म्हणाली. "जड जाते. तुला नाही जमायची."

इर्माने तो विषय पुन्हा काढला नाही. परत जाताना तिने बहिणीच्या गालाचा पापा घेतला, नेहमीसारखाच. रोझीने दिवसभर अस्वस्थ होती. गोटलोबवर विनाकारण दोनदा खेकसली. पण बोब्लिंगेनला जाऊन "ये, शिकवते" असं काही ती म्हणाली नाही.

इर्मा शिकली, मेगलेमास्तरांच्या मुलाकडे, आणि पहिल्याच परीक्षेत पास झाली. हे ऐकून रोझीनेच्या हातातली सुरी थांबली. "पहिल्याच?" तिने विचारलं. "आजकाल परीक्षा सोप्या झाल्यात."

आणि मग एका जून महिन्यात, शनिवारी, सगळी गल्ली गाड्या धूत असताना, चढावरून काहीतरी खडखडत आलं. फ्रेंच बनावटीचं, पत्र्याचं, बेडकासारखे डोळे बाहेर आलेलं एक जुनं डबडं, रंग संत्र्याचा, आणि वरचं कापडी छत पार मागे गुंडाळलेलं. आत इर्मा. डोक्याला रुमाल नाही, पिकायला लागलेले केस वाऱ्यावर, आणि ती मोठ्याने हसत होती, कारण गाडी चढावरच बंद पडली होती. तीन शेजारी ओले हात पुसत धावले, ढकलायला. गोटलोबसुद्धा गेला. रोझीनेची हिरवी गाडी इतक्या वर्षांत एकदाही बंद पडली नव्हती. तिला ढकलायला कधी कुणी धावलं नव्हतं.

"बघतेस काय?" इर्मा ओरडली. "बस!"

रोझीने ओल्या हातांनी, एप्रनसकट बसली. आसन कसलं, लोखंडी चौकटीवर ताणलेली झोळीच. गुडघे दाराला लागत होते. इर्माने गिअर असा घातला की रोझीनेचे डोळे मिटले. पण गावाबाहेर पडल्यावर उघडले, तर वर सगळं आभाळ होतं आणि चेरीच्या फांद्या डोक्यावरून हात लागेल इतक्या खालून जात होत्या. इर्माने त्यातली एक धावत्या गाडीतून ओरबाडली आणि चेरींचा झुबका बहिणीच्या मांडीत टाकला. दोघी चोरीच्या चेरी खात, बिया वर फेकत, पार नागोल्ड नदीपर्यंत जाऊन आल्या.

परत आल्यावर रोझीनेने हिरव्या गाडीचं धुणं पुरं केलं, तारा पुसला, बादली उपडी घातली.

"कशी आहे तिची गाडी?" गोटलोबने विचारलं.

"गाडी कसली ती. पत्र्याचं डबडं. चढावर दम लागतो, दारं खडखडतात, आणि बसायला तर झोळी. शिवण कुठे आहे, तेच शोधावं लागतं."

"हं," गोटलोब म्हणाला आणि आत जायला निघाला.

"छत मात्र उघडतं तिचं," रोझीने म्हणाली. तिने स्वतःच्या गाडीच्या घट्ट, गुळगुळीत, हिरव्या टपावर फडकं एकदा फिरवलं, मग पुन्हा एकदा. "सगळंच्या सगळं उघडतं रे. पार मागेपर्यंत."